छपराला पांघरूण
घर गार कसे राहते, ते गांधीबागेतल्या कापडावरून समजून घेऊ



शिलाईचे काम करणाऱ्या आपल्या गटांना नागपूरची गांधीबाग नवी नाही. ठोक भावात कापड घ्यायचे तर सकाळची एसटी पकडायची, गर्दीतून वाट काढत बाजारात शिरायचे, चार दुकाने फिरायची, भाव करायचा आणि गाठोडे घेऊन संध्याकाळपर्यंत घर गाठायचे. एप्रिल-मे महिन्यात गेलात तर एक गोष्ट तुमच्याही ध्यानात आली असेल. तळमजल्यावरच्या जुन्या, जाड भिंतींच्या दुकानात गादीवर बसून कापड बघताना एवढे काही वाटत नाही. मग दुकानदार म्हणतो, "ताई, बाकीचा माल वर आहे." आपण जिना चढून टिनाखालच्या गोदामात जातो, आणि तिथे दहा मिनिटे उभे राहवत नाही. बाहेरचे ऊन तेच, इमारतही तीच. मग खालच्या आणि वरच्या खोलीत एवढा फरक का?

हा प्रश्न आपल्या रोजीरोटीचा आहे. गांधीबागेतून आणलेले कापड आपण शिवतो कुठे? बहुतेक जणी टिनाच्या नाहीतर स्लॅबच्या खोलीतच. आणि शिवतो केव्हा? विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे गणवेशाची ऑर्डर मिळाली तर मशीन जोरात चालवायची ती नेमकी मे-जूनमध्ये. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवशी दुपारी बारा ते पाच मशीनवर कोण बसणार? तेवढे तास गेले, तेवढी कमाई गेली. घरात बाळंतीण, लहान बाळ किंवा म्हातारी माणसे असतील तर गोष्ट कमाईपुरतीही राहत नाही, ती जिवावर बेतू शकते.

यावर आपले ठरलेले उत्तर म्हणजे कूलर. कूलर वाईट नाही, पण तो शेवटची पायरी आहे. आधी उष्णता घरात येते कुठून, ते बघू.

उष्णतेच्या तीन वाटा

हे शास्त्र आपण रोज चुलीपाशी बघतोच. चुलीसमोर बसलो की हात न लावताही तोंडाला धग लागते. ही पहिली वाट, किरणांची. उलथणे तव्यात राहिले की थोड्या वेळाने त्याचा दांडाही तापतो. ही दुसरी वाट, वस्तूच्या आतून सरकत जाणाऱ्या उष्णतेची. आणि दार उघडे राहिले की दुपारची लू सरळ घरात शिरते. ही तिसरी वाट, हवेची.

टिनाच्या छपरात पहिल्या दोन वाटा एकत्र काम करतात. उन्हाची किरणे टिन तापवतात, उष्णता पातळ टिनातून क्षणात खालच्या बाजूला येते आणि खालची बाजू आपल्या डोक्यावर धग सोडते. जणू एखादा मोठा तवा तापवून डोक्यावर उलटा टांगला आहे. म्हणून टिनाखाली पंखा फिरत असला तरी डोके तापते. गांधीबागेतल्या तळमजल्यावरच्या दुकानाला तो तवा नसतो, कारण त्याच्या डोक्यावर वरचा मजला असतो. ऊन वरचा मजला झेलतो आणि खालचे दुकान सावलीत राहते.

ऊन पडते कुठे?

भिंतीला रंग द्यायला आपण पैसे काढतो, छताकडे मात्र कोणी बघत नाही. उन्हाळ्यात मार बसतो तो छतालाच. नागपुरात २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. अंगणात काठी उभी रोवली तर तिची सावली तिच्या पायाशीच राहते. याला शून्य सावली दिवस म्हणतात. आपला नवतपाही त्याच सुमाराला लागतो. अशा वेळी ऊन छतावर सरळ पडते, दक्षिणेच्या भिंतीवर मात्र फारसे पडत नाही. पूर्वेची भिंत सकाळी तापते आणि पश्चिमेची दुपारनंतर. यात पश्चिमेची भिंत जास्त त्रास देते, कारण तोवर हवाही तापलेली असते.

आता हिशेब करू. निरभ्र आभाळ असेल तर भर दुपारी एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर साधारण १००० वॅट एवढे ऊन पडते. एक साधी विजेची इस्त्री तेवढीच वीज घेते. घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट असते. तेव्हा दुपारी त्या घराच्या छतावर जणू २५ इस्त्र्या चालू असतात. सगळी उष्णता आत येत नाही, पण किती आत येऊ द्यायची हे बरेचसे आपल्या हातात असते. ते कसे, हे कापडच सांगते.

कापडाचे चार धडे

पहिला धडा रंगाचा. मे महिन्यात काळी साडी नेसून शेतात कोणी जाते का? पांढरे कापड ऊन परत फेकते, गडद कापड ते पिऊन घेते. छताचेही तसेच आहे. काळपट पडलेला स्लॅब किंवा गंजलेले टिन बहुतेक ऊन शोषून घेते. ताजा पांढरा चुना दिलेले छत त्यातले बरेचसे ऊन आभाळाकडे परतवते. नवे चकचकीत टिनही ऊन परतवते, पण जी उष्णता त्याने घेतली ती लवकर सोडत नाही, म्हणून चकाकूनही ते तापतेच. छत पांढरे केल्याने घरातले तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरते, असा ठिकठिकाणचा अनुभव आहे. आकडा लहान वाटेल, पण ४२ अंशांत शिलाई करणे आणि ३८ अंशांत करणे यातला फरक आपल्याला माहीत आहे.

दुसरा धडा रजईचा. रजई ऊब देते ती कशामुळे? कापसात अडकलेल्या हवेमुळे. जागची न हलणारी हवा उष्णतेला सहज पुढे जाऊ देत नाही. थंडीत ती आपल्या अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. तीच युक्ती छतावर केली तर उन्हाळ्यात बाहेरची उष्णता आत येत नाही. थर्मोकोलमध्येही अशीच हवा अडकलेली असते. म्हणूनच एक इंच थर्मोकोल उष्णतेला जेवढे अडवते, तेवढे अडवायला तीन फुटांहून जाड काँक्रीट लागेल. आपला स्लॅब असतो चार-पाच इंचांचा! मजबुती आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्लॅब मजबूत असतो, पण उष्णतेपुढे तो पातळ पातळासारखाच.

तिसरा धडा ओढणीचा. उन्हात निघताना डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतली की बरे वाटते. ऊन अंगाला लागण्याआधीच अडवले की निम्मे काम झाले. घराची ओढणी म्हणजे पडवी, छज्जा, पश्चिमेच्या भिंतीसमोर मांडवावर चढवलेला दोडक्याचा किंवा वालाचा वेल, थोड्या अंतरावर लावलेला कडुनिंब. खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून तट्ट्या लावलेला बरा. आतल्या पडद्यापर्यंत आलेले ऊन घरात शिरलेलेच असते.

चौथा धडा ओल्या फडक्याचा. माठाला ओले फडके गुंडाळले की पाणी गार होते, कारण पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते. कूलर याच तत्त्वावर चालतो. पण फडके वाळायला कोरडी हवा लागते. म्हणून मे महिन्यात कूलर छान चालतो आणि जुलैत नुसता ओलावा करतो. दुसरे म्हणजे कूलरची हवा बाहेर जायला समोरची खिडकी थोडी उघडी हवी. दारे-खिडक्या लावून कूलर लावला की खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. शिवाय कूलरला दिवसभरात कितीतरी बादल्या पाणी लागते, आणि उन्हाळ्यात ते पाणी आणते कोण, हे सांगायला नको.

जाड भिंतीचे गुपित

आपल्या सासू-आजेसासूच्या मातीच्या घरात दुपारी गार वाटायचे. नागपूरहून साधारण ७५ किलोमीटरवर असलेल्या सेवाग्रामला गेलात तर बापूकुटीत थोडा वेळ बसून बघा. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. मातीच्या भिंती, बांबू-लाकूड, उतरते कवेलूचे छप्पर आणि भोवती पडवी, असे ते घर आहे. त्यात कापडाचे बहुतेक धडे सापडतात. पडवी ही ओढणी झाली आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते.

जाड भिंत आणखी एक काम करते. ती उष्णतेला उशीर लावते. दीड फूट मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला दहा-बारा तास लागतात, तोवर रात्र झालेली असते. टिनाला उशीर माहीतच नाही. स्लॅब मधला आहे, तो तीन-चार तास लावतो. म्हणून स्लॅबच्या घरात दुपारी त्यामानाने बरे वाटते, पण संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी आणि पुढे मध्यरात्रीपर्यंत छत भट्टीसारखे धग सोडत राहते. दिवसभर राबून रात्री झोप नाही, तर दुसऱ्या दिवशी अंगात बळ कुठून येणार?

मातीच्या घरातही रात्री गरम व्हायचे, पण तेव्हा सगळे अंगणात बाजा टाकून झोपायचे. आज ते सगळ्यांना जमत नाही. दरवर्षीचे सारवण आणि पावसाआधी घर शाकारणे, हे कष्टही बहुतेक बायकांच्याच वाट्याला यायचे. म्हणून जुने घर जसेच्या तसे परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. त्यातली अक्कल तेवढी पक्क्या घरात आणायची.

ती अक्कल एका ओळीत सांगायची तर छपराला पांघरूण घाला, आणि जमेल तिथे ते बाहेरून घाला. पांघरूण स्लॅबच्या वर असेल तर स्लॅब तापतच नाही. खालून घातले तर स्लॅब तापतो आणि आपण त्या तापलेल्या स्लॅबखाली नुसती आड घेतो.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. तीही छतातून किती उष्णता आत यावी याला मर्यादा घालते. साध्या, उघड्या स्लॅबमधून त्या मर्यादेच्या अडीच ते तीन पट उष्णता येते. ती संहिता मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे, आपल्या घरकुलाला लागू नाही. पण शहरातल्या मोठ्या इमारतींना जे शास्त्र लागू आहे, तेच आपल्या दोन खोल्यांनाही आहे.

घर आधीच बांधलेले असेल तर

छत टिनाचे असेल तर: वरून पांढरा रंग द्या. खाली एक हात अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधा. टिन आणि तट्टे यांच्यामध्ये दोन्ही टोकांना हवेसाठी जागा ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाईल. काही जणी टिनावर तुराट्या-पऱ्हाट्या पसरतात. सावली होते खरी, पण ठिणगी पडली तर घर जाते. चूल घरात असेल तर तुराट्या, तट्टे, थर्मोकोल यांपैकी काहीही चुलीच्या वर नको.

छत स्लॅबचे असेल तर: होळीनंतर छत झाडून, धुऊन घ्या आणि चुन्याचे दोन हात द्या. गाळलेल्या चुन्यात थोडा पांढरा सिमेंट आणि फेविकॉलसारखा डिंक मिसळला की थर टिकतो. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून हातमोजे घाला, डोळे सांभाळा आणि लेकरांना दूर ठेवा. काम सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर करा. पावसात चुना धुपतो, तेव्हा दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. छत गळत असेल तर आधी ते दुरुस्त करा. थोडे जास्त पैसे असतील तर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून घ्या. मातीची छोटी मडकी उलटी मांडून त्यावर मसाला टाकायचीही जुनी रीत आहे, त्यात मडक्यातली हवा रजईचे काम करते. पण यांपैकी काहीही करण्याआधी स्लॅब तेवढे वजन पेलेल का, हे अभियंत्याला विचारा.

दोन्ही घरांसाठी बिनपैशाचा उपाय: दुपारी दारे-खिडक्या बंद, रात्री सताड उघड्या. आपण बरेचदा उलटे करतो. दुपारी 'हवा येऊ दे' म्हणून उघडतो आणि लू आत घेतो. आणखी एक लक्षात ठेवा. पंखा हवा गार करत नाही, तो फक्त घाम वाळवतो. पारा चाळिशीच्या वर असताना नुसत्या पंख्यावर विसंबू नका, अंग ओल्या कपड्याने पुसा.

घरकुल मंजूर झाले असेल तर

प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि ते हप्त्याहप्त्याने येतात. एवढ्यात कसेबसे घर उभे राहते, वर आणखी काय करणार, असे वाटणे साहजिक आहे. पण घर गार ठेवणाऱ्या निम्म्या गोष्टींना पैसे लागतच नाहीत. फक्त त्या पाया खोदण्याआधी ठरवाव्या लागतात. एकदा स्लॅब पडला की पुढची तीस-चाळीस वर्षे त्याच्याखाली राहायचे आहे. म्हणून गवंडी दादांना हे प्रश्न विचारा:

१. घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम धरता येईल का? म्हणजे उन्हाचा मार खाणाऱ्या पूर्व-पश्चिमेच्या भिंती आखूड होतील.

२. न्हाणी, कोठी किंवा जिना पश्चिमेला घेता येईल का? तिकडचे ऊन तेच झेलतील.

३. प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन खिडक्या आणि वर झरोका आहे का? गरम हवा वर चढते, तिला निघायला वाट हवी.

४. दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा आहे का? उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, छज्जा त्याला अडवतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा ऊन छज्ज्याखालून आत येते.

५. विटा काठावर उभ्या ठेवून, मध्ये पोकळी सोडून भिंत बांधता येते का? याला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. केरळात राहून काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ही रीत लोकांपर्यंत नेली. विटा सुमारे पाव भागाने कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. मात्र गवंड्याला ही रीत येत असली पाहिजे. नसेल येत, तर प्रयोग आपल्या घरावर नको.

६. स्लॅबवर पांढरा थर किंवा कोबा कोण आणि केव्हा करणार? हे आधीच बोलून ठेवा, नाहीतर पैसे संपतात आणि छत तसेच राहते.

वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. डॉ. देवेंद्रकुमार यांनी ते १९७६ मध्ये सुरू केले. कुंभाराच्या चाकावर केलेली, एकमेकांत बसणारी शंकूच्या आकाराची कौले जोडून कमानीचे छत करण्याची रीत तिथे विकसित झाली. पोकळ कौलातली हवा इथेही रजईचेच काम करते. जवळच्या गटांनी एखादी अभ्यास सहल तिकडे काढावी. आणि पंचायत समितीतल्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्यांना मासिक बैठकीला बोलवा. घर आपल्याही नावावर आहे, तेव्हा प्रश्न विचारण्यात संकोच नको.

पुढच्या बैठकीआधी एवढे करा

आम्ही सांगतो म्हणून मानू नका, करून बघा. टिनाचे दोन सारखे तुकडे घ्या. एकाला चुन्याचे दोन हात द्या, दुसरा तसाच ठेवा. दोन्ही दुपारी एक वाजता उन्हात मांडा आणि तासाभराने त्यांवर पाण्याचे चार-चार थेंब टाका. कुठले थेंब आधी उडतात, ते सगळ्यांना दाखवा. आशाताई किंवा गटातल्या कोणाकडे भिंतीवरचा तापमापक असेल तर दुपारी तीनला आणि रात्री नऊला आपल्या घरातला आकडा वहीत लिहा. चुना देण्याआधीचे आठ दिवस आणि नंतरचे आठ दिवस. बचतीची नोंद ठेवणाऱ्या बायका आपण, ही नोंद काय अवघड!

मग गटात ठरवा. एकटीने छत रंगवायला मजूर परवडत नाही. पण दहा जणींनी चुना एकत्र आणला आणि आळीपाळीने एकमेकींच्या छतावर हात फिरवला, तर दहा घरे होतील. सुरुवात कोणापासून करायची, हेही ठरवून घ्या. जिच्या घरी बाळंतीण आहे, लहान बाळ आहे, अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, तिचे छत पहिले.

आणि एक इशारा. पांढरे छत म्हणजे एसी नव्हे. नवतप्यात घर कितीही चांगले असले तरी पाणी पीत राहा आणि भर दुपारी जड काम टाळा. कोणी बरळू लागले, अंग तापून घाम बंद झाला किंवा शुद्ध हरपली, तर तो ऊन लागण्याचा प्रकार आहे. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

पुढच्या वेळी गांधीबागेत गेलात की कापडाच्या गाठोड्याबरोबर चुन्याचा हिशेबही मनात ठेवा. अंगावर काय घालायचे ते ऋतू बघून ठरवणाऱ्या आपण, घराच्या अंगावर काय घालायचे तेही आता आपणच ठरवू.